कणकुंबीत धो धो, अथणीत रिपरिपही नाही : एकाच जिल्ह्यात पाऊस असा का वागतो?

बेळगाव : जून-जुलैत ‘बेळगाव जिल्ह्यात मुसळधार’ अशी बातमी येते तेव्हा खानापूरकर छत्री शोधतो आणि अथणीचा शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. दोघांचा जिल्हा एकच, पण हवामान वेगळं. त्यामागची नैसर्गिक कारणं अशी.

सह्याद्रीची भिंत

नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला अडतात. पुढे जायचं तर वर चढावंच लागतं. वर गेलेली हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि पाऊस कोसळतो. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत म्हणूनच वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडल्यावर हवा खाली उतरते, गरम होते आणि ढग विरतात. बेळगाव शहरात हा आकडा साधारण १२०० ते १३०० वर येतो, तर अथणी, सौंदत्ती, रामदुर्गकडे ६०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

उंची

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. कोरड्या-दमट हवेचा सरासरी हिशेब धरला, तर दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. बेळगावच्या उन्हाळी संध्याकाळी सुखाच्या वाटतात, त्यात या उंचीचा मोठा वाटा आहे.

समुद्राचं अंतर

समुद्र लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. त्यामुळे गोव्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी असतो. पूर्वेकडे जावं तसं दुपारचं ऊन कडक आणि थंडीतली पहाट बोचरी होत जाते.

वळीव आणि परतीचा पाऊस

एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, गरम हवा वर उसळते आणि विजांसह वळीव कोसळतो. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे माघारी फिरतात, तेव्हा बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊस पूर्व भागाला हात देतो. काळ्या जमिनीत मुरलेल्या याच ओलीवर शाळू आणि हरभरा उभा राहतो.

एकाचा पाऊस, दुसऱ्याचं पाणी

मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठते. म्हणजे सौंदत्तीत आभाळ कोरडं असलं, तरी धरण भरणार की नाही हे खानापूरच्या जंगलातला पाऊस ठरवतो. याची उलटी बाजूही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने कृष्णेला महापूर आला आणि एरवी पाण्यासाठी तरसणाऱ्या अथणी तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली.

मग बघायचं काय?

जिल्ह्याची सरासरी फसवी असते. कणकुंबीचा पाऊस त्यात मिसळला की कोरड्या तालुक्याची तूट झाकली जाते. खानापुरात भाताची धूळवाफ पेरणी पावसाच्या भरवशावर चालून जाते. अथणी-रामदुर्गात मात्र जिल्ह्याची बातमी ऐकून बियाणं मातीत टाकलं, तर दुबार पेरणीची पाळी येऊ शकते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा कृषी तज्ज्ञांचा नेहमीचा सल्ला असतो. तो पाऊस मोजायचा आपल्या होबळीतला, जिल्ह्याचा नव्हे.