रंग बिघडलेली ‘सैरंध्री’

गेल्या दिवाळीआधी आमच्या भिंगारच्या गटाने गोधड्यांचे फोटो मोबाईलवरून पाठवले. काढले होते रात्री, पिवळ्या बल्बखाली. डाळिंबी काठ विटकरी दिसला आणि दोन गोधड्या परत आल्या. शिवणारीचे आठ-आठ दिवस त्यात गेलेले.

तेव्हा मला प्रभातची ‘सैरंध्री’ आठवली. १९३३ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम यांनी हा बोलपट रंगीत काढायचं धाडस केलं. रंगीत प्रती काढायची सोय आपल्याकडे नव्हती, त्यासाठी शांतारामबापू जर्मनीला गेले. पण तंत्रच दोन रंगांचं! कॅमेऱ्यात दोन फिल्मी एकमेकींना चिकटून. एकीवर तांबूस भाग उमटायचा, दुसरीवर निळा-हिरवा. पिवळा, जांभळा त्यात नीट यावा कसा? प्रतींमध्ये रंग बिघडले ते बिघडलेच. छापून झाल्यावर दुरुस्ती कुठली? पहिल्या भारतीय रंगीत बोलपटाचा मान मग १९३७ मध्ये आर्देशीर इराणींच्या ‘किसान कन्या’ला मिळाला. मला विचाराल तर धाडस कोल्हापूरकरांचंच पहिलं.

आपल्या हातात मात्र दुरुस्ती आहे. आता आम्ही गोधडीशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढतो. एडिटिंगच्या ॲपमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ची पट्टी निळ्या बाजूला सरकवायची, कागद पांढराशुभ्र दिसेपर्यंत. मग खरी गोधडी मोबाईलशेजारी धरून काठ ताडायचा. तरीही विटकरी वाटला, तर सकाळी ओसरीवर पुन्हा फोटो.