जठरव्रणाची कुळकथा

मध्यरात्र उलटून गेल्यावर झोप मोडावी, छातीच्या फासळ्यांखाली कोणी निखारा ठेवल्यासारखी आग व्हावी आणि पेलाभर दूध किंवा दोन घास पोटात गेले की ती शमावी, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना जठरव्रणाचे वर्णन वेगळे सांगावे लागत नाही. जठराच्या, किंवा जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, आतील अस्तराला पडलेली जखम म्हणजे हा व्रण. बोलताना सारेच त्याला अल्सर म्हणतात. ही वेदना काही आठवडे छळते, मग कित्येक महिने नाहीशी होते आणि आपण बरे झालो असे रोग्याला वाटू लागते तोच ती पुन्हा दार ठोठावते. जखम खोल जाऊन रक्तवाहिनीला भिडली तर रक्ताची उलटी होते, किंवा शौच डांबरासारखे काळे होते. जठराची अथवा आतड्याची भिंतच फुटली तर काही तासांत प्राणांवर बेतते.

भारतीय वैद्यांना ही वेदना अपरिचित नव्हती. 'माधवनिदान' या ग्रंथात शूलाचे प्रकार सांगताना, खाल्लेले अन्न पचू लागले असता उठणाऱ्या वेदनेला परिणामशूल असे स्वतंत्र नाव दिलेले आहे. एवढ्यावरून आजचा जठरव्रण माधवकराला ठाऊक होता असे छातीठोकपणे सांगण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. जखम डोळ्यांना दिसल्यावाचून तिला व्रण म्हणता येत नाही, आणि पोटाच्या आत पाहण्याचे साधन तेव्हा कोणापाशीच नव्हते. परंतु वेदनेची वेळ आणि अन्नाची वेळ यांचा संबंध त्या निरीक्षकांनी नेमका हेरला होता, एवढे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागते.

जिवंत माणसाच्या पोटाचे अंतरंग दीर्घकाळ न्याहाळण्याची संधी विज्ञानाला मिळाली ती एका अपघाताने. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कॅनेडियन नावाड्याच्या कुशीत छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले. पण जखम पूर्ण मिटेना. त्वचेतून थेट जठरात जाणारे एक छिद्र कायमचे राहिले. बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमाच्या दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहिले, जठरातला रस काढून कुपीत भरला आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पचन हे दळणे किंवा कुजणे नसून रासायनिक क्रिया आहे, हे त्यांनी दाखविले. त्या रसातील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी त्याआधी दहा वर्षे सांगितले होते. सेंट मार्टिन संतापला की त्याच्या जठराचे रूप पालटते आणि पचन मंदावते, अशीही टीप बोमाँट यांनी करून ठेवली. या निरीक्षणाला पुढे अवाजवी मोठे भवितव्य लाभले. त्या गरीब नावाड्याच्या मनात या प्रयोगांविषयी काय होते, ते १८८० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर कळून आले. डॉक्टरांनी शवविच्छेदन करू नये म्हणून त्याच्या कुटुंबीयांनी प्रेत मुद्दाम सडू दिले आणि मग खोल पुरले.

आम्ल सापडले आणि अपराधी सापडला असे सर्वांस वाटले. १९१० मध्ये झाग्रेबचे शल्यविशारद कार्ल श्वार्त्स यांनी, आम्ल नसेल तर व्रणही नसतो, असा सिद्धान्त मांडला. तो चुकीचा होता असे आजही म्हणता येत नाही. तो अपुरा होता. आम्ल तर प्रत्येकाच्या जठरात असते; मग व्रण मोजक्यांनाच का व्हावा, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. चिकित्सा मात्र साठ-सत्तर वर्षे त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिली. शिकागोचे बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध व साय आणि मधून मधून क्षारांची भुकटी असा आहार सुचविला. जगभरच्या रुग्णालयांत हजारो प्रौढ माणसे तान्ह्या मुलासारखी दुधावर पडून राहिली. दुधाने क्षणभर आग शमते, पण पाठोपाठ जठर अधिकच आम्ल पाझरू लागते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. ज्यांना दूध पुरेना त्यांना सुरीखाली जावे लागे. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी १८८१ मध्ये कर्करोगासाठी जठराचा भाग कापून काढण्यात यश मिळविले होते. तीच शस्त्रक्रिया पुढे व्रणासाठी सर्रास होऊ लागली. शिकागोचे ड्रॅगस्टेट यांनी १९४३ पासून जठराला आम्ल स्रवण्याची आज्ञा देणारा व्हेगस मज्जातंतूच तोडण्याचा उपाय प्रचारात आणला. प्राण वाचत, हे खरे. अर्धे जठर गमावलेल्या माणसाला मात्र जेवण झाले की घाम फुटे, चक्कर येई आणि उरलेले आयुष्य जपून खाण्यात जाई.

मोजक्यांनाच व्रण का, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या मध्यावर जे उत्तर मिळाले ते होते मन. बोमाँट यांच्या जुन्या टिपेला आता मानसशास्त्राचे पाठबळ आले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना व्रण फुटलेल्या रोग्यांची संख्या वाढल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदविले होते, त्यामुळे हे मत निराधारही नव्हते. पण बघता बघता त्याचे रूपांतर रोग्याच्या स्वभावावरील आरोपात झाले. व्रण होतो तो महत्त्वाकांक्षी माणसाला, कुढणाऱ्याला, आईच्या मायेला आसुसलेल्याला, असे विद्वान मंडळी लिहू लागली. आपल्याकडे त्यात मिरची-मसाल्याची भर पडली. पोट दुखते ते दुखतेच. वर डॉक्टरांपासून घरच्या मंडळींपर्यंत सर्वांनी, हे तुमचे तुम्हीच ओढवून घेतलेत, असे सुचवावयाचे. मिरची हे व्रणाचे कारण असल्याचा पुरावा अद्याप मिळालेला नाही, एवढे येथे नमूद करणे त्या रोग्यांच्या बाबतीत न्यायाचे होईल.

या काळात खरा अपराधी कित्येकांच्या डोळ्यांखालून गेला होता. इटलीतील बिझोझेरो यांना १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात मळसूत्री आकाराचे जंतू दिसले. पोलंडमधील क्राकूवच्या याव्होर्स्की यांनी १८९९ मध्ये ते माणसाच्या जठरातील द्रवात पाहिले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकन डॉक्टर पामर यांनी ११८० जणांच्या जठरातील तुकडे तपासले आणि तेथे जंतू नाहीतच असा निर्वाळा दिला. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात हे जंतू नीट उठून दिसत नाहीत, रुप्याच्या क्षारांनी रंगविले तरच ते स्पष्ट होतात. परंतु एवढी मोठी संख्या पाहून पुढील पिढीने तो विषय मिटला असे मानले. आम्लात जंतू जगूच शकत नाही, हे तर पाठ्यपुस्तकातच होते.

ग्रीसमधील मेसोलोंगी गावचे जॉन लिकूडिस या साध्या वैद्याची हकीकत अधिक कष्टी करणारी आहे. स्वतःच्या पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी १९५८ मध्ये त्यांनी प्रतिजैविक औषध घेतले आणि त्यांचा जुना व्रणाचा त्रासही गेला. त्यांनी औषधांचे एक मिश्रण बनवून हजारो रोग्यांना दिले. त्यांचा लेख अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकाने परत पाठविला आणि १९६८ मध्ये त्यांना चार हजार द्राख्मांचा दंड झाला. पद्धतशीर चाचणी त्यांनी केली नव्हती, ही उणीव लपविण्याचे कारण नाही. मात्र ती चाचणी करून पाहण्याची तसदी इतर कोणीही घेतली नाही. १९८० मध्ये लिकूडिस वारले.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थ शहरातील रुग्णालयात, रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ एकट्यानेच एका गोष्टीच्या मागे लागले होते. जून १९७९ मध्ये जठराच्या एका तुकड्यावर त्यांना वाकड्या जंतूंची दाट रांग दिसली आणि मग जेथे जेथे जठराला सूज तेथे तेथे ती आढळू लागली. सहकाऱ्यांना त्यात विशेष काही वाटेना. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तिशीचा शिकाऊ डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी मिळून शंभर रोग्यांची तपासणी हाती घेतली. जंतू प्रयोगशाळेत वाढविणे मात्र जमेना. काचेच्या थाळ्या प्रथेप्रमाणे दोन दिवसांनी टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत काम तुंबल्यामुळे एक थाळी पाच दिवस तशीच राहिली आणि तीवर जंतूंची वसाहत उगवली. हा प्राणी सावकाश वाढणारा होता, एवढेच. जठराच्या बुळबुळीत आवरणाखाली दडून, स्वतःभोवती अमोनिया निर्माण करून तो आम्ल निष्प्रभ करतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्या शंभरांपैकी ज्या तेरा जणांच्या लहान आतड्यात व्रण होता, त्या तेराही जणांच्या जठरात तो सापडला.

१९८३ मध्ये मार्शल यांनी आपल्याच देशातील तज्ज्ञांच्या परिषदेकडे निबंध पाठविला. आलेल्या सदुसष्टांपैकी छप्पन्न निबंध स्वीकारले गेले. नाकारलेल्या अकरांत मार्शल यांचा होता. जंतू व्रणावर मागाहून येऊन बसत असतील, ही शंका उरतच होती आणि ती गैरवाजवी नव्हती. प्राण्यांवरील प्रयोग फसले, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी दुर्बिणीने तपासून आपले जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि रोग्यापासून मिळविलेले जंतू घातलेला पेला स्वतःच रिचविला. पत्नीला त्यांनी आधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर परवानगी मिळाली नसती, हे उघड आहे. आठवड्याभरात पहाटेच्या उलट्या सुरू झाल्या, श्वासाला दुर्गंधी येऊ लागली आणि दहाव्या दिवशीच्या तपासणीत जठर सुजलेले व जंतूंनी भरलेले आढळले. व्रण झाला नाही, सूज आली. हा भेद उत्साहाने गोष्ट सांगणारे पुष्कळदा विसरतात. निर्णायक पुरावा मिळाला तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून. ज्यांचे जंतू नष्ट झाले त्यांच्यापैकी शेकडा २१ जणांना वर्षभरात पुन्हा व्रण झाला. ज्यांचे राहिले त्यांच्यापैकी शेकडा ८४ जणांना. १९८९ मध्ये जंतूला 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हे नाव मिळाले, १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रतिजैविकांच्या चिकित्सेची शिफारस केली आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक लाभले.

औषधकंपन्यांनी सत्य दडपले असे म्हणण्याची एक चाल आहे. खरी अडचण अधिक साधी होती. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे आम्ल रोखणारे औषध १९७६ पासून विक्रीस आले होते, त्याने वेदना झपाट्याने थांबत असे आणि शस्त्रक्रिया कमी होऊ लागल्या होत्या. ते बंद केले की व्रण परतत असे, हे खरे. पण एवढा गुण देणारा उपाय हाताशी असताना कारण शोधण्याची घाई कोणाला असणार?

भारतापुरते पाहिले तर ही कथा येथे संपत नाही. १९५० ते १९७० च्या दरम्यान मैसूरच्या होल्ड्सवर्थ मिशन रुग्णालयात काम करणारे इंग्रज शल्यविशारद फ्रँक टोव्ही यांच्या ध्यानात आले की, लहान आतड्याचा व्रण दक्षिणेत, भात खाणाऱ्या प्रदेशांत जितका आढळतो तितका उत्तरेच्या गहू खाणाऱ्या प्रदेशांत आढळत नाही. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी हीच गोष्ट रेल्वे कर्मचाऱ्यांत पाहिली आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. रेल्वेचा नोकर सगळ्या देशात विखुरलेला, पण काम तेच, नियमावली तीच, दवाखानाही तोच; अशा तुलनेसाठी याहून सोयीची प्रजा कोठे मिळणार! कामाची दगदग सारखी आणि व्रण मात्र प्रदेशागणिक वेगळा, तेव्हा सारा दोष चिंतेवर टाकता येईना. मल्होत्रा यांचा कटाक्ष चर्वणावर होता. पोळी चावावी लागते, लाळ सुटते. भात गिळला जातो. पुढे व्रण भरून आलेल्या रोग्यांपैकी काहींना त्यांनी न चाळलेल्या गव्हाच्या आहारावर ठेवले, काहींना भातावर. पाच वर्षांत गहू खाणाऱ्यांत व्रण परतण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले.

पर्थच्या शोधाने या निरीक्षणाला बाजूला सारले, पण त्याचे उत्तर दिले नाही. हा जंतू बालपणीच, बहुधा घरातल्या घरात, पोटात शिरतो. दाटीची वस्ती आणि अशुद्ध पाणी यांचा तो सोबती आहे, आणि भारतात उत्तरेकडे काय व दक्षिणेकडे काय, तो बहुसंख्य प्रौढांच्या पोटात मुक्कामाला असतो. त्यांच्यापैकी शंभरांतील दहा ते वीस जणांनाच केव्हा तरी व्रण होतो. म्हणजे श्वार्त्स यांच्यापुढे जो प्रश्न होता तोच, आम्लाच्या जागी जंतू घालून, पुन्हा उभा राहतो. धूम्रपानाने व्रण भरण्यास विलंब लागतो हे निश्चित आहे. आहाराचा वाटा किती, यावर वाद आहे.

सध्याची चिकित्सा म्हणजे आम्ल रोखणारे औषध आणि त्यासोबत दोन प्रतिजैविके, कधी बिस्मथही, बहुधा चौदा दिवस. चार दिवसांत आग थांबते आणि पुष्कळ रोगी तेथेच गोळ्या सोडतात. अर्धवट मारलेले जंतू मग त्या औषधाला दाद देत नाहीत. मेट्रोनिडाझोल हे औषध तर आपल्याकडे जुलाबावर इतके मुक्त हस्ताने दिले गेले आहे की येथील पुष्कळ जंतू त्याला आधीच सरावलेले आहेत. शिवाय व्रणाचे दुसरे मोठे कारण जंतू नव्हेच. ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी द्रव्येच बनू देत नाहीत, त्याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. गुडघे धरले म्हणून कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडून महिनोन्महिने गोळ्या आणून घेणाऱ्या वृद्धाला अनेकदा पोटात वेदनाही होत नाही. पहिले लक्षण म्हणून एके दिवशी शौच काळे होते, आणि लोहाची गोळी चालू असेल तर तिचाच तो रंग समजून घरातले कोणी डॉक्टरांना सांगतही नाही.