उतारवयातील आरंभ

लूककृत शुभवर्तमानात शिमोन आणि हन्ना या दोन वृद्धांची कथा आहे. ज्याच्या प्रतीक्षेत आयुष्य वेचले तो बालक मंदिरात दृष्टीस पडताच कृतार्थ झालेल्या त्या दोघांचे स्मरण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इतिहास वाचताना मला वारंवार होते. कारण या समाजातील काही थोर व्यक्तींनी वार्धक्य हा निवृत्तीचा काळ मानलाच नाही. ज्याचे फळ आपल्या हयातीत हाती लागण्याची शाश्वती नाही असे काम त्यांनी नेमके उतारवयातच अंगावर घेतले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली, पंचावन्नाच्या सुमारास, अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन केला. या दरबाराला ना वतन होते ना खजिना, आणि संस्थापकालाही पुढे जेमतेम दोनच वर्षे लाभली.

परंतु या बाबतीत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पंडिता रमाबाईंचा उत्तरकाळ. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना आश्रय देणारे केडगावचे मुक्तिसदन नावारूपास आल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, या बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे मनात आणले, त्यासाठी त्या भाषा हस्तगत केल्या आणि आयुष्याची उरलेली वर्षे मुख्यत्वे त्याच कामी घातली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिने खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून आपल्या भाषेतील पांडित्य हेतुपुरस्सर उतरवून ठेवले, यातील त्यागाची थोरवी भाषेच्या अभ्यासकालाच खरी उमगेल. हे भाषांतर जेथे छापले गेले तो सदनाचा छापखानाही तेथील स्त्रियाच चालवीत.

ही उमेद सुखाच्या दिवसांतली नव्हती. रमाबाईंना ऐकू येणे कमी झाले होते, प्रकृती खालावत होती. आणि जिच्या हाती संस्थेचा कारभार सोपवायचा ती एकुलती एक कन्या मनोरमा जुलै १९२१ मध्ये निवर्तली. ज्या माउलीने याआधीच आईबाप, भाऊ आणि पती गमावले होते, तिने हा शेवटचा आघात सोसूनही मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी ते हातावेगळे केले. पुढे ख्रिस्ती मंडळ्यांतून हे भाषांतर फारसे रूढ झाले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण एखाद्या कामाची योग्यता केवळ त्याच्या खपावर ठरविणाऱ्यांशी आपली मसलत जमत नाही.

नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची तऱ्हा निराळी. रमाबाईंची आशा गंभीर, तर यांची हसतमुख. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी वैधव्यात पतीच्या ‘ख्रिस्तायन’ या अपूर्ण ख्रिस्तचरित्रपर काव्याच्या दहा-अकरा अध्यायांना साठावर अध्यायांची जोड दिली, शिवाय पासष्टी ओलांडताना प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात, संसारातील उपास, विरह आणि मृत्यू यांची हकीकत सांगता सांगता, पतीच्या लहरींना आणि स्वतःच्या भाबडेपणालाही मनसोक्त हसून घेतले. त्या १९३६ साली वारल्या. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने १९३८ मध्ये बाहेर पडले, तर रमाबाईंचे बायबल त्यापूर्वीच, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले होते.