प्राध्यापकाला काढायचे कोणी?

१९०० च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड रॉस या प्राध्यापकांना पद सोडावे लागले. विद्यापीठ ज्यांच्या संपत्तीवर उभे होते, त्या जेन स्टॅनफर्ड यांना रॉस यांची जाहीर भाषणे खपत नव्हती. ट्रामगाड्या नगरपालिकेच्या मालकीच्या असाव्यात, आशियाई मजुरांना देशात येऊ देऊ नये, असे ते सांगत. स्टॅनफर्ड घराण्याचा पैसा रेल्वेचा, आणि ती रेल्वे बांधणारे बहुसंख्य हात चिनी मजुरांचे.

रॉस यांची स्थलांतराविषयीची मते उघडउघड वंशद्वेषी होती, हे लपवण्याचे कारण नाही. पण देणगीदाराची मर्जी फिरली की प्राध्यापकाने चंबूगबाळे आवरावे का, हा प्रश्न त्या मतांहून वेगळा होता. इतिहासाचे प्राध्यापक जॉर्ज हॉवर्ड यांनी वर्गातच निषेध नोंदवला, तेही गेले. मग आणखी काहींनी आपणहून राजीनामे दिले. त्यांत तत्त्वज्ञानाचे तरुण अध्यापक आर्थर लव्हजॉय होते.

१९१५ मध्ये अमेरिकी प्राध्यापकांचा संघ स्थापन झाला. जॉन ड्यूई अध्यक्ष, लव्हजॉय चिटणीस. धोरणाचा मसुदा करणाऱ्या समितीचे प्रमुख कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन. (याच काळात भीमराव आंबेडकर तेथे सेलिग्मन यांचे विद्यार्थी होते.) त्या वर्षअखेरच्या जाहीरनाम्याने संशोधन, अध्यापन आणि विद्यापीठाबाहेरील वक्तव्य अशी तीन स्वातंत्र्ये मांडली. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो, पण निकाल त्याच्या हुकमाने लागत नाहीत. विश्वस्त आणि प्राध्यापक यांचे नातेही तसेच असावे, असा त्याचा युक्तिवाद. खरे बळ मात्र कार्यपद्धतीच्या रूक्ष कलमांत होते: बडतर्फीपूर्वी लेखी आरोप, सुनावणी आणि सहप्राध्यापकांचा निर्णय. दुसरी बाजूही होती. अपरिपक्व विद्यार्थ्यांवर शिक्षकाने आपली मते लादू नयेत, असे बंधन त्यात होते.

दोनच वर्षांत परीक्षा आली, आणि तीही सेलिग्मन व ड्यूई यांच्याच कोलंबियात. अमेरिका महायुद्धात उतरली होती. सक्तीने भरती केलेल्यांना त्यांच्या मनाविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नये, असे पत्र मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल यांनी संसद सदस्यांना लिहिले. ऑक्टोबर १९१७ मध्ये विश्वस्तांनी त्यांना बडतर्फ केले. इतिहासकार चार्ल्स बीअर्ड युद्धाचे समर्थक होते, तरीही विश्वस्तांच्या या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी नोकरी सोडली.

आणि संघ? १९१८ च्या त्याच्या अहवालाने युद्धकाळापुरते स्वातंत्र्य आक्रसून घेतले. सक्तीच्या भरतीविरुद्ध प्रचार करणाऱ्याची बडतर्फी त्याने समर्थनीय ठरवली. ज्या समितीने तो अहवाल लिहिला, तिचे प्रमुख होते आर्थर लव्हजॉय.