धर्म विचारला, धाप नाही

आमच्या आंबवड्याची पोरं आता जर्मनीला, दुबईला जातात. निघण्याआधी नागेश्वराला नारळ फुटतो, झुलत्या पुलावर फोटो निघतात आणि बॅगेत भाजणी, मेतकूट, आंबेमोहोर ठासून भरला जातो. माझी नोकरी परिचारिकेची, सगळी भोर तालुक्यात झाली. त्यामुळे मी विचारते, "लशी घेतल्या का? विमा काढला का?" त्यावर पोरांच्या आया माझ्याकडे अशा बघतात, जणू मी मांजर आडवं घातलं.

आपली ही खोड जुनीच आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या तेव्हा लोकांना एकच घोर होता, ही बाई बाटणार. २४ फेब्रुवारीला सेरामपूर कॉलेजात उभं राहून त्यांना सांगावं लागलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. पण तेव्हाच त्यांना अशक्तपणा होता, डोकं दुखायचं, अधूनमधून ताप यायचा, धाप लागायची. त्यासाठी औषधं पाठवली कोणी? न्यू जर्सीतल्या त्यांच्या स्नेही कार्पेंटरबाईंनी, सातासमुद्रापलीकडून!

७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. पुढे फिलाडेल्फियाचे हिवाळे, अंगावर साडी, जेवण शाकाहारी. शब्द त्यांनी पाळला, त्याची किंमत देहाने मोजली. त्यांना क्षयाने गाठलं. थंडीने क्षय होत नाही, जंतूने होतो. रॉबर्ट कॉखने तो १८८२ मध्येच दाखवून दिला होता. पण खंगलेल्या शरीरात त्याचं फावतं, आणि त्यावर लागू पडणारं औषध तेव्हा जगात कुठेच नव्हतं. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्री-कक्षाची जागा ठरली होती. तिथे त्या रुजू झाल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, बाविशीसुद्धा गाठली नव्हती.

प्रवाशाच्या तब्येतीची चौकशी सरकारदरबारी व्हायची, तीही भीतीपोटी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तो बोटींतून आपल्याकडे येईल म्हणून युरोपने १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरवली. त्याच वर्षी जानेवारीत जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने भायखळ्याला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आज केनिया-युगांडाला जाणाऱ्याला पीतज्वराचं पिवळं कार्ड लागतं, ते याच वळणाचं.

तेव्हा भाजणी जरूर न्या. पण पीतज्वराची सुई निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सुईला दहा दिवस होईपर्यंत ते कार्ड लागू होत नाही. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. आणि खोकला दोन आठवडे हटला नसेल तर तिकीट काढण्याआधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.