सिलिंडर, हेड आणि सेक्टर : घरगुती संगणकातील हार्ड डिस्कच्या मोजणीचा इतिहास

हार्ड डिस्कचा इतिहास म्हणजे तिच्या वाढत्या धारणशक्तीचा इतिहास, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. इ. स. १९५६ मध्ये आय.बी.एम.च्या रॅमॅक यंत्रातील ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत असत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंची तबकड्यांच्या एका लहान पेटीत ५ मेगाबाइट सामावले. पुढील तीन दशकांत हा आकडा काही लाख पटींनी वाढला. हा आलेख खोटा नाही. परंतु ज्याने घरी संगणक बाळगला, जुनी डिस्क काढून मोठी बसविली आणि ती चालेना म्हणून डोक्याला हात लावला, त्याच्या अनुभवाचा उलगडा या आलेखाने होत नाही. त्याची अडचण पुष्कळदा डिस्कमध्ये जागा नव्हती ही नसून, असलेली जागा संगणकास मोजता येत नव्हती ही होती.

मोजणीची ही पद्धत प्रथम समजून घ्यावयास हवी. एका आसाभोवती फिरणाऱ्या तबकड्यांच्या प्रत्येक पृष्ठावर वाचन-लेखन करणारे एक ‘हेड’ असते. सर्व पृष्ठांवरील एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळांच्या समूहास ‘सिलिंडर’ म्हणत, आणि वर्तुळाच्या ५१२ बाइटांच्या तुकड्यास ‘सेक्टर’. कितवा सिलिंडर, कितवे हेड, कितवा सेक्टर, एवढे सांगितले की माहितीचा पत्ता पुरा होई. आरंभी ही तिन्ही नावे प्रत्यक्ष वस्तूंची होती. १९८३ च्या आय.बी.एम. एक्स.टी. संगणकातील १० मेगाबाइटांच्या डिस्कमध्ये सिलिंडर खरोखरीच ३०६ व हेड ४ होते. १९८४ च्या ए.टी. संगणकात मोजक्या डिस्कांचा तक्ता बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ आज्ञावलीत, कोरलेला असे, आणि आपली डिस्क त्यांपैकी कोणत्या प्रकारची हे लहानशा बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत नोंदविलेले असे. म्हणून डिस्कची निवड किमतीआधी तक्त्यावर ठरे. बॅटरी संपली की नोंद पुसली जाई व संगणक ‘डिस्क नाही’ असे सांगे; वास्तविक डिस्कवरील एक अक्षरही गेलेले नसे.

१९८६ नंतर आय.डी.ई. पद्धतीच्या डिस्का आल्या व नियंत्रक मंडल डिस्कच्याच अंगावर बसले. बाहेरच्या लांब वर्तुळांवर जास्त व आतील आखूड वर्तुळांवर कमी सेक्टर ठेवण्याची रीत रूढ झाली, आणि ‘प्रत्येक वर्तुळावर अमुक सेक्टर’ हे विधान निरर्थक ठरले. तरी संगणक तीन आकडे मागत राहिला म्हणून डिस्क ते देत राहिली. आत दोन तबकड्या असणारी डिस्क १६ हेड असल्याचे बिनदिक्कत सांगे. नाव उरले, वस्तू गेली. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये : १९५७ मध्ये दशमान नाणी आली, तरी मराठीत गोष्ट अद्याप ‘सोळा आणे’ खरी असते. मात्र तसे बोलणारा मनुष्य आण्यांत हिशेब करीत नाही; बायॉस अजूनही सिलिंडरांतच हिशेब करीत होता.

याचा परिणाम १९९४ च्या सुमारास उघड झाला. बायॉसच्या करारात सिलिंडरांना १०२४, हेडांना २५६ व सेक्टरांना ६३ ही मर्यादा होती. आय.डी.ई.च्या करारात तीच मर्यादा अनुक्रमे ६५,५३६, १६ व २५५ अशी होती. प्रत्येक करार स्वतंत्रपणे पाहिला तर पुरेसा ऐसपैस. पहिल्याने ८४५ कोटी बाइटांपर्यंत जाता येई, दुसऱ्याने १३,६०० कोटींच्याही पुढे. पण दोन्ही एकाच वेळी पाळावयाचे म्हणजे प्रत्येक जागी जो आकडा लहान तोच स्वीकारणे भाग. १०२४, १६ व ६३ यांच्या गुणाकारास ५१२ ने गुणले की ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. हीच ती ५२८ मेगाबाइटांची भिंत. ती कोणी बांधली नव्हती. दोन स्वतंत्र निर्णयांच्या छेदातून ती उभी राहिली.

उपाय दोन निघाले. नव्या बायॉसने भाषांतराचा मार्ग धरला : डिस्कने सांगितलेल्या सिलिंडरांना भागावयाचे आणि हेडांना तितक्याच पटीने गुणावयाचे. जुन्या बायॉससाठी डिस्कच्या आरंभी एक मध्यस्थ आज्ञावली बसविण्यात येई. दोन्ही उपाय कामास आले, पण दोहोंत एक गोम होती. भाषांतराची रीत सर्व बायॉसांत सारखी नव्हती; त्यामुळे एका संगणकातील डिस्क दुसऱ्यात नेली की तेच तीन आकडे भलत्याच जागी नेऊन सोडीत. मध्यस्थ आज्ञावली असलेल्या घरी संगणक फ्लॉपीवरून थेट सुरू केला, तर डिस्कचे विभाग दिसेनासे होत वा विपरीत दिसत. अशा वेळी डिस्क बिघडली असे समजून ती पुन्हा फॉरमॅट केली, तर निरोगी डिस्कवरील घरचा पत्रव्यवहार व हिशेब औषधोपचारानेच नष्ट होत. डिस्क ओळखली जाते पण तिचा आकार भलताच दिसतो, तेव्हा संशय मोजणीचा घ्यावा. ती फिरतच नाही किंवा टक टक आवाज करते, तेव्हा यंत्राचा. हा साधा भेद पाळला असता तर कित्येक डिस्का वाचल्या असत्या.

पुढील भिंतींबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. गणित तेच, आकडे मोठे. ८४० कोटी बाइटांपाशी भूमितीचा नाद सोडून सेक्टरांना केवळ अनुक्रमांक देण्यात आले. १९९९ च्या सुमारास काही बायॉस ३,३८० कोटींपाशी अडले, तेव्हा डिस्कवरील एक जंपर लावून तिला आपला आकार कमी सांगावयास लावीत. २८ बिटांचा अनुक्रमांक १३,७०० कोटींपाशी संपला व २००२ मध्ये ४८ बिटांचा आला.

मापाच्या नावाचाही घोळ होताच. निर्माता गिगाबाइट १०० कोटींचा धरी, विंडोज १०७ कोटींहून थोडा अधिक. म्हणून ८० गिगाबाइटांची डिस्क घरी आल्यावर ७४.५ दिसे. कच्चा शेर व पक्का शेर ज्या बाजारात एकत्र नांदले त्यास हे अपरिचित नाही. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने द्विमान मापांसाठी ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ हे उपसर्ग ठरविले. ग्राहकांच्या तोंडी ते बसले नाहीत. २००६ मध्ये याच तफावतीवरून वेस्टर्न डिजिटलला अमेरिकेत ग्राहकांशी न्यायालयीन तडजोड करावी लागली.

तथापि सर्व दोष मोजणीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. यंत्र झिजते, आणि सांगून झिजते असेही नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवावी यासाठी ‘स्मार्ट’ नावाची योजना तिच्यात असते. पण निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत, तापमान वगळता, या नोंदीत धोक्याची एकही खूण आढळली नाही. दुसरी प्रत नसलेल्या घरास या योजनेचा आधार मानता येत नाही, तो यामुळे.

जुन्या आकड्यांपैकी ६३ हा सर्वांत चिवट ठरला. विंडोज एक्स.पी. डिस्कचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करी, कारण पहिले कल्पित वर्तुळ तेथे संपत असे. २०१० च्या सुमारास आतून ४,०९६ बाइटांचे सेक्टर वापरणाऱ्या डिस्का घरोघरी येऊ लागल्या. ६३ ला ८ ने भाग जात नसल्याने संगणकाचा प्रत्येक गठ्ठा अशा दोन सेक्टरांवर पसरे, आणि नवी डिस्क जुनीपेक्षा मंद वाटे. आज साटा जोडणीच्या एस.एस.डी.त तबकडी नाही, आस नाही, फिरणारे काहीच नाही. तरी ओळख विचारली असता ती बहुधा १६,३८३ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर असेच उत्तर देते.