चपड्याखालचा अजिंठा

वेरूळ पाहायला जाणारे एके काळी आमच्या नांदगाव स्टेशनावर उतरत. अजिंठा मात्र इथून दूर, जळगावच्या बाजूला. तिथल्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला, की मनात येते, हा काढला कोणी? सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात दाता म्हणून वराहदेवाचे नाव आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. दात्यांची नावे कोरली गेली, चित्रकारांची नाही.

मग हात ओळखायचा तो रेषेवरून आणि रंगावरून. पण दिसतो तो रंग तरी त्यांचाच आहे का? माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही चित्रे. ओल लागली की पापुद्रे सुटणार. निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पापुद्रे चिकटवले, म्हणून पुष्कळ चित्रे वाचली. पण वरून चपड्याचे रोगणही दिले. सुतार लाकडाला लावतो तोच चपडा! काळाने तो पिवळा, तपकिरी झाला. पिवळ्याखालचा लाजवर्दी निळा हिरवट दिसणारच. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे थर जपून उतरवावे लागले.

म्हणून चित्रकाराची शैली ठरवण्याआधी रंग कोणता आणि रोगण कोणते, हे निवडून घ्यावे. नाहीतर विसाव्या शतकाचा पिवळेपणा पाचव्या शतकातल्या कारागिराच्या खात्यावर पडतो. त्याचे नाव आपल्याला देता येत नाही; निदान आपला डाग तरी त्याच्या नावावर लावू नये.